पिसोलीमनोला राहिलेली

माझ्या आईला गावात दगड म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पाठीमागे म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, त्यात पहिला नंबर माझा. थेमेलीना तिचं नाव, वय सत्याहत्तर. बारा महिने काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, आणि बोलणं असं की समोरच्याने आल्या पावली परत जावं. माझी जीभ तिच्यावर गेली आहे म्हणतात. गेली असेल.

माझे वडील मालवाहू जहाजावर होते. वर्षाचे दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. मी नऊ वर्षांची असताना कुठल्याशा लांबच्या बंदरात तापाने गेले. घरी आली ती त्यांची पेटी, तीही अर्धी रिकामी. आईला रडताना कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने चुना कालवला आणि सगळं घर आतून-बाहेरून पांढरं करायला घेतलं. बायका दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई, दुखवट्यात कुणी घर रंगवतं का?" आई म्हणाली, "हात रिकामे ठेवले तर डोकं फिरेल. बाजूला व्हा, शिंतोडे उडतील." मग तिने मला एकटीने वाढवलं. लोकांची ऑलिव्हं वेचली, कड्याकपारीतल्या केपरच्या झुडपांच्या कळ्या खुडल्या, उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत सुकलेलं मीठ गोळा करून विकलं. कुणापुढे हात पसरला नाही आणि कुणाला दोन गोड शब्दही दिले नाहीत.

आमच्याकडे घर मुलीला जातं. लग्न झालं की जावई आपली उशी काखोटीला मारून येतो आणि सासू मागच्या खोलीत जाते. माझा नवरा झान्नीस शेजारच्या बेटावरचा. होडीने दोन तासांची वाट, पण आईच्या लेखी तो परदेशीच. बावीस वर्षं झाली, ती त्याच्याशी थेट बोलत नाही. भांडण नाही, तंटा नाही. तो समोर जेवत असला तरी मला म्हणणार, "अनेझीना, तुझ्या नवऱ्याला सांग, होडीच्या नांगराची दोरी कुजली आहे." आणि तोही शहाणा, मान वर न करता म्हणणार, "सासूबाईंना सांग, उद्या बदलतो." मी मधली तारवाली, इकडचा निरोप तिकडे. सुरुवातीला रडले, मग चिडले, मग सवय झाली.

झान्नीस उन्हाळ्यात पाहुण्यांना होडीतून पिसोलीमनोला नेतो. पिसोलीमनो म्हणजे आमच्या बेटाची पाठ. तिथे रस्ता नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. वाळू, झाऊची दोन झाडं, आणि टोकाला खडकांमागे संत मरिनाचं एवढंसं देऊळ. तिथे काही नाही म्हणून लोक बघायला येतात. लहानपणी आमच्या घरातही काही नव्हतं, तेव्हा कुणी फिरकलं नाही.

आता त्या टोपलीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायीच घडलं. आमच्याकडे होडीतली माणसं कुणी मोजत नाही. मोजली की समुद्रालाही आकडा कळतो, असं म्हातारे म्हणतात, आणि झान्नीसच्या बेटावर तर ते आमच्याहून चार पावलं पुढे. मग परतताना सगळे आले की नाही हे कळायचं कसं? त्याने युक्ती काढली. होडीच्या तोंडाशी वेताची टोपली. पिसोलीमनोला उतरताना प्रत्येकाने डाव्या पायाची चप्पल त्यात टाकायची, चढताना आपापली उचलायची. टोपली रिकामी झाली की दोर सोडायचा. पंधरा वर्षांत एकदाही चूक नाही. पाहुण्यांना गंमत वाटते, टोपलीचे फोटो काढतात.

घरच्या माणसाने मात्र टोपलीत चप्पल टाकायची नाही. हा नियम कुणी केला नाही, तो आपोआप झाला. टोपली परक्यांसाठी. पहिल्यांदा झान्नीसने भीतभीत टोपली पुढे केली तेव्हा आई मला म्हणाली होती, "ह्याला विचार, मी काय गिऱ्हाईक आहे?"

संत मरिनाच्या जत्रेच्या तीन दिवस आधी आई दरवर्षी त्या देवळाला चुना लावायला जाते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलंही नाही. त्या वर्षीही गेली. सकाळी नऊला चुन्याची बादली, कुंचा, तेलाची बाटली आणि कापडात बांधलेला बार्लीचा कडक पाव घेऊन होडीच्या पुढच्या टोकाला ताडपत्रीखाली जाऊन बसली, पाहुण्यांकडे पाठ करून. होडीत दहा-बारा पाहुणे. त्यांतली एक तीन-चार वर्षांची पोर, लाल टोपीवाली, आईच्या बादलीत डोकावायला गेली. आई म्हणाली, "डोळे जातील," आणि तिच्या आईकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं. मी धक्क्यावरून ओरडले, "आई, गोळी संध्याकाळी सहाला आहे, चारपर्यंत परत ये!" तिने हात हलवला, माशी हाकलतात तसा.

दुपारी दीड वाजता वारा फिरला. आमचा उन्हाळी वारा ढग आणत नाही, आभाळ निळंशार ठेवूनच माणसाला मारतो. आधी धक्क्यावरच्या खुर्च्या सरकल्या, मग सेवास्तीच्या कॉफीच्या दुकानाचं छत फडफडू लागलं. पिसोलीमनोचं तोंड उत्तरेला, म्हणजे वाऱ्याच्या थेट पुढ्यात. भांडी तशीच टाकून मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले.

तीन वाजून गेल्यावर होडी टोकाला वळसा घालून आली. लाटेवर चढायची, दिसेनाशी व्हायची, पुन्हा वर यायची. माझे ओठ सारखे हलत होते, काय पुटपुटत होते देव जाणे. होडी धक्क्याला लागली तेव्हा पाहुणे ओलेचिंब, दोघेजण ओकत होते, लाल टोपीवाली आईच्या मानेत तोंड खुपसून. खाली उतरल्यावर त्यांनी झान्नीससाठी टाळ्या वाजवल्या. त्याने दोर बांधला आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला अजून आठवतं.

मी म्हटलं, "आई कुठे आहे?"

त्याने ताडपत्रीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. त्याने पुन्हा बघितलं, जणू आई कुठेतरी घडी करून ठेवली आहे.

"टोपली रिकामी होती," तो म्हणाला. "अनेझीना, टोपली रिकामी होती गं."

वारा सुटल्यावर त्याने भोंगा वाजवला होता, सगळे पळत आले, चपला उचलल्या, टोपली रिकामी झाली, याने दोर सोडला. पुढच्या टोकाकडून आवाज नव्हता, पण तिकडून आवाज कधी असतो? बावीस वर्षं न बोलणारी बाई त्या दिवशीही बोलली नाही, यात त्याला काही वेगळं वाटलं नाही.

तो लगेच होडीत उडी मारून दोर सोडायला लागला. बंदर-चौकीवरचा अधिकारी धावत आला, दोरावर पायच ठेवला. "वाऱ्याचा जोर आठावर गेलाय, वादळच म्हणा. छोट्या होड्यांना बंदी आहे. तुम्ही गेलात तर मला दोघांना शोधावं लागेल."

"माझी सासू आहे तिथे!"

"वारा उतरला की गस्तीची बोट काढतो, पहाटेआधी शब्द देत नाही." तो वाईट माणूस नव्हता. खरं तेच सांगत होता, म्हणून जास्त राग आला.

एव्हाना निम्मं गाव जमलं. त्यांतला एक कोळी म्हणाला, "वा रे पठ्ठ्या झान्नीस! बावीस वर्षांनी का होईना, जमलं बघ तुला!" दोघे-तिघे फिसकन हसले. मी वळले. "हसा, हसा! तुमची सासू तुम्हाला विकत घेऊन पुन्हा विकेल, तिला सोडून यायलाही अक्कल लागते!" पण त्या कोळ्याचं वाक्य माझ्या कानात शिरलं ते शिरलंच.

तहानेची मला तेवढी भीती नव्हती. उन्हाचीही नाही. भीती वेगळीच होती. माझी आई बसून वाट बघणाऱ्यातली नाही. होडी गेली हे कळलं की ती झग्याचा घोळ वर खोचणार आणि डोंगरावरून चालत निघणार. आणि त्या वाटेवर वाकडी पायरी आहे, कड्याला चिकटलेली, जेमतेम दोन पावलं रुंद, खाली थेट खडक. तिथून बकऱ्या पडतात. माणूसही पडलेला आहे. आईला कानाला कमी येतं, सहाची गोळी चुकली की छातीत धडधड होऊन चक्कर येते, आणि वारा आठाचा. मी हे सगळं मनात जुळवत होते आणि दर वेळी ती त्या पायरीवरच येऊन उभी राहत होती.

याकूमीसची शेरडं त्या बाजूला चरतात. सत्तरीचा म्हातारा, पण ती वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. मी निरोप धाडला. तो काठी घेऊनच आला आणि आई राहिली एवढंच ऐकून म्हणाला, "थेमेलीना? मग वाऱ्यानेच सांभाळून राहावं." मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. त्याच्या गाडीने रस्ता संपेपर्यंत गेलो, तिथून तिघे पायी. गोळ्यांची डबी मी मुठीत धरली होती, खिशावर माझा भरवसा नव्हता.

झान्नीस माझ्यापुढे चालत होता. दर शंभर पावलांनी मागे वळून म्हणायचा, "मी मागे बघितलं होतं. निघताना दोन-तीनदा बघितलं होतं. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं." तीनदा मी ऐकून घेतलं. चौथ्यांदा माझ्या तोंडून निघून गेलं, "राहिलं नाही, ठेवून आलास. तुला तेच हवं होतं."

तो थांबला. वाटलं, शिवी देईल, बरं होईल. त्याने दिली नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मग वळून पुन्हा चालायला लागला, आणि त्यानंतर त्याने मागे वळून एकदाही बघितलं नाही. शब्द परत घ्यायला मला तोंड होतं, पण मी घेतला नाही. भ्यालेलं माणूस किती वाईट असतं ते मला त्या वाटेवर कळलं.

वाकड्या पायरीच्या अलीकडे याकूमीसने हात आडवा केला. समोरच्या घळीवर डोमकावळे घिरट्या घालत होते. सहा-सात. एक खाली उतरला, वर आला, पुन्हा उतरला.

"तुम्ही इथेच थांबा," याकूमीस म्हणाला.

"काय आहे तिथे?"

"थांब म्हटलं ना, पोरी."

तो काठी टेकत घळीत उतरला आणि दिसेनासा झाला. मी खाली बसले. वाऱ्याने डोळ्यांत धूळ जात होती तरी मिटवत नव्हते, कारण मिटले की काळा झगा दिसत होता. झान्नीस कड्याला टेकून उभा होता, छातीवर पुन्हा पुन्हा क्रूस काढत. मी त्याला जवळ बोलावलं नाही, तोही आला नाही. किती वेळ गेला? याकूमीस म्हणतो पाच मिनिटं. असेल त्याच्या घड्याळात.

"बकरी आहे!" खालून आवाज आला. "माझीच आहे! कानाला खूण आहे! देवा, तुझे उपकार!" स्वतःची बकरी मेली म्हणून देवाचे आभार मानणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

वाकडी पायरी आम्ही बसून, ढुंगणावर सरकत ओलांडली. पलीकडे गेल्यावर मी खाली खडकांत बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. फेसाशिवाय काही नव्हतं. फेसाखाली काय असेल ते कोण सांगणार? तिथेही दिसत नाही आणि वाटेतही नाही. मग कुठे?

सूर्य टेकायला आला तेव्हा पिसोलीमनो खाली दिसलं. वाळूवर एकही माणूस नाही. लाटा झाऊच्या बुंध्यापर्यंत आलेल्या. देवळासमोर चुन्याची बादली आडवी पडली होती आणि वाऱ्याने गडगडत होती. माझ्या आईने जन्मात कधी बादली आडवी टाकलेली नाही. मी हाका मारत उतारावरून धावले, दोनदा पडले, गुडघे फुटले ते दुसऱ्या दिवशी कळलं.

देवळाचं दार ढकललं. आत अंधार, आणि मरिनाच्या तसबिरीपुढे एक इवलीशी ज्योत.

"दार लाव," आतून आवाज आला. "दिवा विझेल."

ती कोपऱ्यात फरशीवर बसली होती, एक पाय लांब पसरून. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, ओठ फाटलेले, तोंड राखेच्या रंगाचं. मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला दोन क्षण पडू दिलं, मग म्हणाली, "गोळी आणलीस का नुसतीच आलीस?" मी मूठ उघडली. डबीच्या कडेचा वण माझ्या तळहातावर उमटला होता.

तिने गोळी घेतली, याकूमीसच्या बाटलीतलं पाणी घोट घोट प्यायली. झान्नीस दारातच गुडघ्यांवर बसला होता. शेवटी म्हणाला, "सासूबाई, मी विसरलो." बावीस वर्षांत पहिल्यांदा थेट बोलला.

आई मला म्हणाली, "ह्याला सांग, आधी मला उठवून नीट बसव. फरशी गार आहे."

त्याने काखेत हात घालून तिला उचललं, बाकावर बसवायला वळवलं, आणि मला तिची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत काळा झगा पांढराफटक झाला होता.

"आई, पाठीला एवढा चुना कसा?"

"भिंतीला टेकले होते."

"ओल्या भिंतीला? तू?" ओल्या चुन्याला कुणी बोट लावलं तर त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी ही बाई.

ती रुमालाचं टोक सारखं करत म्हणाली, "भोंगा ऐकला मी. एवढी काही बहिरी झाले नाही."

"ऐकलास? मग आली का नाहीस?"

"येत होते. खडकावर पाय मुरगळला. लंगडत कोपऱ्यापर्यंत आले तर होडी सुटलेली. फार लांब नव्हती, इथून झाऊच्या झाडापर्यंत. हाक मारली असती तर पोचली असती."

"मग मारायची ना हाक!"

"ओरडू नकोस, देवळात आहेस." तिने आणखी एक घोट घेतला. "तेव्हाच्या लाटा तू बघितल्या नाहीस. होडी एकदा आडवी झाली असती तर खेळ खलास. आत लेकरू होतं, आईला चिकटून बसलेलं. आणि हा सुकाणू धरून मागे वळून वळून किनाऱ्याकडे बघत होता. काहीतरी चुकलंय हे कळलं होतं त्याला, काय ते उमगत नव्हतं. अजून एकदा वळला असता तर मी दिसले असते. म्हणून देवळाच्या पलीकडच्या भिंतीआड गेले आणि चिकटून उभी राहिले. होडी टोकाआड जाईपर्यंत."

बाहेर वारा दार हलवत होता. याकूमीसने डोक्यावरची टोपी काढली.

मी मूर्खासारखं विचारलं, "आणि दिसली असतीस तर?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची मुलगी नव्हेच, रस्त्यावरची कुणी आहे. "दिसले असते तर वळला असता. होडी फुटली असती तरी वळला असता. हे काय विचारणं झालं? विश्वास नसेल तर तो इथेच आहे. विचार त्याला."

झान्नीसने मान वर केली. बावीस वर्षं मी या दोघांचे निरोप इकडचे तिकडे केले, दोरीचे, मिठाचे, गळक्या छपराचे. एकदाही अडखळले नव्हते. वाटेवर मी त्याला काय बोलले होते ते आईला ठाऊक नव्हतं. त्याला होतं. तो माझ्या विचारण्याची वाट बघत होता, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.